हाडांचा ठिसूळपणा आईकडून मुलीकडे येतो का? जीन टेस्ट करून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आता आईचा डेक्साचा (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) टी-स्कोअर उणे २.८ आलाय, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचं निदान, तुम्ही ३४ वर्षांच्या आहात. तर ऑनलाइन मिळणारी जीन टेस्ट करून घ्यावी का?

मी डॉक्टर नाही, हाडांच्या पेशींवर प्रयोगशाळेत काम करते. माझं उत्तर स्पष्ट आहे: नका करू. ते पैसे आईच्या उपचारांसाठी ठेवा.

हाडांची घनता बऱ्याच अंशी घराण्यातून येते, यात शंका नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याहून जास्त निघतो. पण तो एखाद्या जनुकात सापडत नाही. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या संग्रहातल्या सव्वाचार लाखांहून जास्त लोकांच्या टाचेची अल्ट्रासाउंड मोजणी (तिच्यावरून हाडाच्या घनतेचा अंदाज येतो) आणि त्यांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा घनतेशी जोडलेल्या डीएनएतल्या ५१८ जागा हाती लागल्या. त्या सगळ्या मिळूनही माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण पाचवा हिस्साच उलगडतो, आणि ती माणसं युरोपीय वंशाची. त्यावरून तुमचं भविष्य काय सांगणार?

त्यापेक्षा आजीचं मोडलेलं हाड जास्त कामाचं आहे. हाड मोडण्याचा धोका काढायला डॉक्टर फ्रॅक्स नावाचं गणित वापरतात. त्यात एक प्रश्न असतो: आई-वडिलांपैकी कुणाचं खुब्याचं हाड मोडलं होतं का? आईच्या बाबतीत उत्तर 'हो' आहे. हे तिच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्याकडे 'म्हातारपणी पडली' म्हणून ही गोष्ट विसरली जाते. तुमच्यासाठी हे गणित चाळिशीनंतरच मांडता येतं.

मग जनुकांच्या संशोधनाचा उपयोग काय? खूप आहे, आणि त्याची कहाणी मला फार महत्त्वाची वाटते. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वसाहतकऱ्यांच्या वंशातल्या काही कुटुंबांत स्क्लेरोस्टिओसिस हा दुर्मीळ आजार आहे. त्यात हाड आयुष्यभर वाढत राहतं. कवटी इतकी जाड होते की चेहऱ्याची नस दाबली जाऊन तोंड वाकडं होतं, ऐकू येईनासं होतं, मेंदूवर दाब येतो. कानाचे शल्यचिकित्सक हर्मन हामर्स्मा आणि केप टाउनचे आनुवंशिकीतज्ज्ञ पीटर बायटन यांनी अनेक वर्षं या कुटुंबांचा पाठपुरावा केला. २००१ मध्ये दोन गटांनी कारण शोधलं: एसओएसटी हे जनुक बंद पडलेलं. त्यातून बनणारं स्क्लेरोस्टिन हे प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींना ब्रेक लावतं. इथे ब्रेकच नाही. ज्यांच्याकडे या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते, त्यांची हाडं मात्र दणकट आणि तब्येत ठणठणीत. म्हणजे ब्रेक थोडा सैल केला तर चालतं.

त्यावरूनच रोमोसोझुमॅब हे इंजेक्शन तयार झालं. महिन्यातून एकदा, बारा महिने. पाळी गेलेल्या सात हजारांहून जास्त स्त्रियांवरच्या चाचणीत वर्षभरात मणक्याचे नवे फ्रॅक्चर प्लासिबोच्या (औषध नसलेल्या इंजेक्शनच्या) तुलनेत ७३ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, पण हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताच्या धोक्याच्या इशाऱ्यासह. ते संपल्यावर हाडांची झीज रोखणारं दुसरं औषध द्यावं लागतं, नाहीतर कमावलेली घनता निघून जाते. प्रत्येकीला ते लागतंच असंही नाही. बऱ्याच जणींना जुनी, स्वस्त औषधं पुरतात.

हे स्क्लेरोस्टिन बनवणाऱ्या पेशी मी सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघते. घट्ट हाडाच्या आत इवल्याशा खळग्यांत त्या एकेकट्या बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक धाग्यांनी शेजारणींना धरून असतात. हाडावर भार पडला की त्या स्क्लेरोस्टिन कमी बनवतात. म्हणून तुम्हाला सांगते, जिने चढा, वजनं उचला, दोरीवरच्या उड्या मारा. चाळिशीच्या आतला काळ यासाठी मोलाचा आहे.

आईला मात्र उड्या मारायला लावू नका, वाकून जड उचलूही देऊ नका. तिचं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड तपासून घ्या, स्टेरॉइडच्या गोळ्या कधी चालू होत्या का ते आठवा, आणि उंची मोजा. तरुणपणापेक्षा चारेक सेंटिमीटर कमी भरली, तर मणक्याचा एक्स-रे मागून घ्या. मणका दुखल्याशिवायही दबलेला असू शकतो, आणि तसं निघालं तर उपचार लांबणीवर टाकू नका.