साचणे, साठवणे, भिनणे आणि चढणे

प्रश्न असा आला आहे: खाडीच्या प्रदूषणावरच्या लेखांत ‘कालवांत कॅडमियम साचतं’, ‘शिंपल्यांत पारा मुरतो’, ‘गांडुळांच्या अंगात शिसं भिनतं’ अशी तीन क्रियापदं वाचली. तिन्हींचा अर्थ एकच धरायचा का? आणि ‘जड धातू’ बरोबर की ‘भारी धातू’?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. ‘जड धातू’च म्हणावं. ‘भारी धातू’ हे हिंदी वळण आहे; मराठीत साडी भारी असते, बेत भारी असतो, शिसं मात्र जडच. पण मुळात ही संज्ञाच सैल आहे. आर्सेनिक धड धातूसुद्धा नाही, तरी तो यात मोजला जातो. २००२ साली आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एका अहवालाने तर ही संज्ञा निरर्थक आहे असंच म्हटलं. तेव्हा जमेल तिथे धातूचं नाव घेऊन लिहावं. खेकडा, कोळंबी, माकूळ यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन तांब्याचं असतं, म्हणून ते रक्त निळसर दिसतं. खेकड्यात ‘जड धातू’ सापडला असं छापलं की वाचक घाबरतो, आणि तो धातू कदाचित त्या जिवाच्या रोजच्या गरजेचा असतो.

आता क्रियापदं. ती एका अर्थाची नाहीत, आणि इथे मराठी फार नेमकी आहे.

नकोसं असून कुणी हलवत नाही म्हणून जे वाढत जातं, ते साचतं. उल्हास नदीच्या खाडीतल्या गाळात पारा साचला तो असाच. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत पूर्वी पारा वापरत, तिथून तो पाण्यात आला. कालव एकदा खडकाला चिकटलं की जागा सोडत नाही. भरतीचं पाणी कल्ल्यांतून गाळून ते पोट भरतं, त्याच पाण्यातून धातूही आत येतो आणि येतो त्या वेगाने बाहेर पडत नाही. एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ साली सुचवलं की किनाऱ्याची तब्येत पाहायची तर शिंपलेच तपासा. अमेरिकेत १९८६ पासून तशी नियमित तपासणी सुरू झाली. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या फाल नदीच्या मुखाशी खाणींचं पाणी उतरतं. तिथल्या कालवांचं मांस तांब्याने हिरवं पडल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातली आहे. तैवानच्या किनाऱ्यावर १९८६ साली तेच घडलं. (आपल्याकडच्या शिणाण्यांची हिरवी शिंपली मात्र जन्मजात हिरवी असते, तिचा याच्याशी संबंध नाही.)

साठवणं वेगळं, त्यात करणारा असतो. युरोपातल्या रोमन गोगलगायीकडे धातूला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे दोन वेगळे प्रकार आहेत. एक कॅडमियम धरून पचनग्रंथीत अडकवून ठेवतं, दुसरं रक्तासाठी लागणारं तांबं सांभाळतं. गांडूळही मातीतून आलेले बरेचसे धातू आतड्याभोवतीच्या पिवळसर पेशींत बंदिस्त करतं. म्हणून ‘गांडुळात शिसं भिनतं’ हे मला पटत नाही. भिनलं असतं तर ते इतक्या दूषित मातीत जगलं नसतं. गांडूळ शिसं साठवतं. तो साठा गांडूळ टिपणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जातो, हा भाग वेगळा.

भिनणं म्हणजे अंगभर पोचणं आणि आपला गुण दाखवणं. त्याचं उदाहरण जपानमधलं मिनामाता. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून तिथल्या उपसागरात मिथिल पारा (पाऱ्याचं एक सेंद्रिय संयुग) गेला, मासे आणि शिंपल्यांतून तो कोळ्यांच्या ताटात आला, आणि मे १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. हा पारा मेंदूत शिरतो, वार ओलांडून पोटातल्या बाळापर्यंत जातो. इथे ‘साचला’ लिहिणं म्हणजे त्या माणसांचं दुखणं कमी करून सांगणं आहे.

चौथं क्रियापद तुम्ही विचारलं नाहीत, पण ते हवंच: चढणं. विष चढतं हे आपण म्हणतोच. मिथिल पारा लहान जिवातून मोठ्या जिवात जाताना प्रत्येक पायरीला वाढतो, म्हणून तो शिंपल्यापेक्षा मुशी माशात (शार्कमध्ये) जास्त भरतो. पाठ्यपुस्तकातला ‘जैवविवर्धन’ हा शब्द याच्यासाठी आहे, ‘जैवसंचय’ साचण्यासाठी. कॅडमियम मात्र सहसा असं चढत नाही. माशाच्या मांसापेक्षा ते कालवांत आणि माकुळांत अधिक मिळतं. दोन्ही धातूंना एकच क्रियापद लावलं की हा फरकच पुसला जातो.

राहिलं ‘मुरणं’. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं. मुरण्यात चव येण्याचा किंवा दिसेनासं होण्याचा भाव आहे. पाऱ्यासाठी तो वापरू नये.

विष जसं चढतं तसं उतरतंही, तेव्हा शरीरातून धातू कमी होण्याला ‘उतरणं’ म्हणायला हरकत नाही, फक्त सोबत वेळही लिहावी. तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) खाऱ्या पाण्यात ठेवल्या की काही तासांत वाळू टाकतात. कॅडमियम त्या तसं टाकत नाहीत आणि उकळल्यानेही ते जात नाही. स्वच्छ पाण्यात ते उतरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.