खाते नेमके कोणाच्या नावावर आहे?

माध्यमे बदलली की व्यवसायाने काय बदलावे, हे विचारणारी पत्रे वाढत आहेत; त्यांतील गोंधळ मात्र तोच आहे. म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. ज्यांनी कराराच्या प्रती पाठवल्या आहेत, त्यांनी त्या वकिलाला दाखवाव्यात, मला नव्हे.

प्रश्न : आमच्या फेसबुक पानाला हजारो अनुयायी आहेत, पण नवी पोस्ट जेमतेम काहीशे लोकांपर्यंत पोहोचते. पानावर छुपी बंदी आली आहे, असे एक परिचित सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : बहुधा नाही. मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देणार असल्याचे फेसबुकने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले होते आणि त्यामुळे व्यावसायिक पाने कमी दिसतील हेही सांगितले होते. पानावर खरोखरच निर्बंध असेल, तर त्याची नोंद खात्याच्या स्थितीदर्शक विभागात सापडते. परिचितांना विचारण्याआधी ती पाहावी.

प्रश्न : रोज पोस्ट टाकणे आवश्यक आहे का?

उत्तर : नाही.

प्रश्न : एक एजन्सी तीन महिन्यांत गूगलवर पहिल्या क्रमांकाची लेखी हमी देत आहे. करार करावा का?

उत्तर : करू नये. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे, आणि जाहिरातीवर खर्च केल्याने नैसर्गिक, म्हणजे बिनजाहिरातीच्या, निकालांतील स्थान सुधारत नाही. हमीचा कागद जितका देखणा, तितकी त्यातील बारीक अक्षरे सावधपणे वाचावीत.

प्रश्न : संकेतस्थळ बनवणारा डिझायनर आता फोन उचलत नाही आणि डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत लवकरच संपते आहे. तसेही बहुतेक ग्राहक मेसेज करूनच ऑर्डर देतात. मग संकेतस्थळ सोडून दिले तर चालेल का?

उत्तर : संकेतस्थळ हवे की नको, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच शोधा. डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत धारकाचे नाव झाकलेले असू शकते. पण नोंदणी कोणत्या कंपनीमार्फत झाली आणि मुदत कधी संपते हे तेथे दिसते. पावत्या, डिझायनरशी झालेला पत्रव्यवहार आणि व्यवसायाची कागदपत्रे जोडून त्या कंपनीला लेखी कळवा. ‘डॉट कॉम’सारखे डोमेन मुदतीनंतर रद्द झाले, तरी पुढचे ३० दिवस जुन्या धारकाला ते शुल्क भरून सोडवता येते, परंतु अनेक कंपन्या मुदत संपलेली नावे त्याआधीच लिलावात काढतात आणि देशांच्या डोमेनचे नियम आणखी वेगळे असतात, म्हणून त्या ३० दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये.

डोमेन गेले म्हणजे फार तर संकेतस्थळ गेले, असा समज मला पत्रापत्रांत भेटतो आणि दर वेळी माझा धीर सुटतो. त्या नावाचे ई-मेल पत्ते नव्या मालकाला जसेच्या तसे पुन्हा तयार करता येतात, आणि तो पत्ता ज्या ज्या ठिकाणी दिलेला असेल, तेथील पासवर्ड बदलण्याचा दुवा त्याच्या हाती पडतो. ‘ग्राहकाला कशाला त्रास’ असे म्हणत सगळी खाती स्वतःच्या ई-मेलवर उघडण्याची जी रीत संकेतस्थळे बनवणाऱ्यांच्या धंद्यात रुजली आहे, ती ग्राहकाला ओलीस ठेवते, मग हेतू कितीही चांगला असो. डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ साठवण्याची भाड्याची जागा), जाहिरात खाते, संकेतस्थळावरील भेटींचे विश्लेषण, नकाशावरील व्यवसायाची नोंद या सगळ्यांची मालकी व्यवसायाकडेच असली पाहिजे आणि एजन्सीला केवळ कामापुरता, केव्हाही काढून घेता येईल असा प्रवेश असावा.

मेसेजवर ऑर्डर येतात हे उत्तमच आहे, कारण ग्राहक त्याच्या सोयीच्या ठिकाणीच बोलणार. पण त्यांच्या संमतीने घेतलेले संपर्क तुमच्या स्वतःच्या यादीत उतरतात का? छोट्या चित्रफितींचे ‘वाइन’ (Vine) हे माध्यम बंद होत असल्याची घोषणा ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली, सामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस हे समाजमाध्यम एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले, आणि तेथे जमवलेले अनुयायी उचलून दुसरीकडे नेण्याची सोय कोणालाही नव्हती. डिझायनरने ताबा देण्यास नकार दिला, तर त्याच्याशी वाद घालत आठवडे घालवू नका. थेट वकील गाठा.

प्रश्न : अहवालानुसार आमची ई-पत्रे पूर्वीपेक्षा जास्त लोक उघडतात, पण विक्री वाढलेली नाही. असे का?

उत्तर : तो आकडा फसवा आहे. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये आलेली गोपनीयतेची सोय वाचकाने सुरू ठेवली असेल, तर पत्रातील चित्रे आपोआप आधीच उतरवली जातात आणि चित्र उतरले म्हणजे पत्र उघडले असे धरले जात असल्याने न वाचलेले पत्रही उघडले गेल्याचे नोंदले जाते. दुव्यांवरील क्लिक, उत्तरे आणि प्रत्यक्ष ऑर्डर मोजाव्यात. विकतच्या याद्यांना पत्रे पाठवत असाल, तर आजच थांबवा : जीमेलच्या फेब्रुवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. पत्र खरोखर तुमच्याच डोमेनवरून आले आहे हे पटवणाऱ्या प्रमाणीकरणाच्या नोंदी मात्र जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्याव्यात, कारण त्या चुकल्या तर बिलेसुद्धा ग्राहकापर्यंत पोहोचत नाहीत.

प्रश्न : कुकीज बंद होणार असे ऐकून आम्ही ऑनलाइन जाहिराती थांबवल्या. योग्य केले ना?

उत्तर : ऐकीव माहितीवर व्यवसाय थांबवला, एवढेच केले. क्रोम ब्राउझरमधील त्रयस्थ कुकीज, म्हणजे जाहिरातींसाठी वाचकाचा माग ठेवण्याकरता इतर कंपन्यांनी ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदी, दोन वर्षांत काढण्याचा मानस गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला, नंतर मुदत वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मात्र त्रयस्थ कुकीज मार्च २०२० पासून पूर्णपणे अडवलेल्या आहेत. ग्राहक युरोपीय संघात असतील, तर संमतीचे नियम तुमचे कार्यालय कोठेही असले तरी लागू होऊ शकतात. त्यासाठी कायदेशीर सल्ला घ्यावा.

प्रश्न : प्रतिस्पर्धी पंचतारांकित अभिप्राय विकत घेतात. आम्हीही घ्यावेत का?

उत्तर : नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र नियमच लागू आहे.

प्रश्न : संकेतस्थळ मोबाइलवर नीट दिसत नाही. पुढच्या वर्षी एकदमच नवे करावे, असा विचार आहे.

उत्तर : गूगलने शोधासाठी संकेतस्थळाच्या मोबाइलवरील रूपालाच आधार मानण्याचा बदल २०१६ मध्ये जाहीर केला आणि २०२३ मध्ये पूर्ण केला, त्यामुळे तुमचा उशीर आधीच बराच झाला आहे. नव्या संकेतस्थळाची वाट न पाहता संपर्काचे आणि ऑर्डरचे पान याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असे गूगलचे मापदंड सांगतात. पुढे नवे संकेतस्थळ कराल, तेव्हा जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवण्याचे काम करारात लिहून घ्या आणि जुने संकेतस्थळ बंद करण्यापूर्वी ते झाले आहे का, हे त्रयस्थ तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.