वाचकांचे प्रश्न : ॲल्युमिनियमच्या नेकची गिटार

प्रश्न : मी हौसेने इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझे मामा जळगावच्या एमआयडीसीत जॉबवर्क करतात आणि त्यांच्याकडे व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कोरणारे) मशीन आहे. ॲल्युमिनियमच्या नेकची (तारांखालच्या लांब दांड्याची) गिटार स्वतः बनवावी असे मनात आहे. खिडक्यांच्या सेक्शनचा किंवा भंगारातला माल चालेल का? ट्रस रॉड (नेकचा वाक दुरुस्त करणारी आतली सळई) बसवावा लागेल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : गिटार जरूर बनवा. व्हीएमसी आणि ते चालवणारे जाणते हात घरातच असणे, हे या कामातले निम्मे भांडवल आहे. अमेरिकेत ट्रॅव्हिस बीन यांनी १९७४ च्या सुमारास नटपासून (डोक्याजवळची, तारा टेकणारी खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा, तारांचा दुसरा आधार) अखंड ॲल्युमिनियम असलेल्या गिटारी बनवायला सुरुवात केली, तर १९७६ मध्ये क्रेमर कंपनीने पाठीमागे लाकडी पट्ट्या बसवलेला ॲल्युमिनियमचा नेक बाजारात आणला. त्या पट्ट्यांमुळे वजन कमी होते आणि हाताला थंड धातू लागत नाही.

खिडक्यांचा सेक्शन मात्र नको. तो बहुधा ६०६३ जातीचा, पातळ आणि पोकळ असतो. तारा ताणणाऱ्या ट्यूनरचे आणि जोडाचे स्क्रू धरून ठेवण्याइतका मांसलपणा त्यात नसतो. भंगारातल्या पट्टीची जात आणि टेंपर (प्रक्रियेने आणलेला कठीणपणा) कळत नाही, म्हणून तीही टाळावी. दुकानात ६०६१-टी६५१ ची प्लेट मागावी. ही प्लेट कारखान्यातच ताणून तिच्यातले अंतर्गत ताण कमी केलेले असतात. एका बाजूने बराच माल काढल्यावर साधी पट्टी केळीच्या फाकेसारखी वाकते. ही प्लेटही थोडी हलते, पण पुष्कळ कमी.

ट्रस रॉडची गरज नाही. ॲल्युमिनियमचा ताठपणा मेपल लाकडाच्या पाचपटींहून अधिक असल्याने तारांचा सुमारे पंचेचाळीस किलोंचा ताण तो सहज पेलतो. पण याची दुसरी बाजू नीट समजून घ्यावी : लाकडी नेक वाकला तर रॉड पिळून दुरुस्त होतो, धातूचा नेक मात्र जसा मशीनवरून उतरला तसाच राहतो. म्हणून तार चढण्यापूर्वीच सगळी अचूकता कामात उतरली पाहिजे. पहिल्या फेरीत सर्व बाजूंना एक-दीड मिलिमीटर माल राखावा, क्लॅम्प सोडून तुकडा रात्रभर मोकळा ठेवावा, सकाळी स्ट्रेट-एज आणि फिलर गेजने वाक तपासावा आणि मगच शेवटचा हात मारावा. मामांना घाईच्या ऑर्डरींमध्ये हे काम बसवायला सांगू नका.

भरीव नेकचे वजन सव्वा ते दीड किलोपर्यंत जाते आणि खांद्यावरच्या पट्ट्यात अडकवलेली गिटार डोक्याकडे झुकते. पाठीमागून पोकळी काढून किंवा इंग्रजी 'टी' आकाराचा छेद ठेवून ते कमी करता येते. फिंगरबोर्डसाठी शिसवाची पट्टी इपॉक्सीने चिकटवावी, कारण फ्रेटच्या (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) पायावरचे दात लाकडात रुततात, ॲल्युमिनियममध्ये ते तसे धरत नाहीत. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली तर ती १७.८१७ ने भागून नटपासून पहिल्या फ्रेटचे अंतर ३६.३७ मिलिमीटर येते, बारावा फ्रेट ३२४ वर. ड्रॉईंगमध्ये प्रत्येक अंतर नटपासूनच लिहावे. आधीच्या फ्रेटपासून मोजत गेलो तर चुका साचत जातात. आटे पाडताना टॅपला थोडे रॉकेल लावावे, नाहीतर ॲल्युमिनियम टॅपला चिकटून आटे फाटतात.

प्रश्न : खानदेशातल्या उन्हाळ्यात अशी गिटार सुरात राहील का? आणि आवाज खरोखरच वेगळा येतो का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे ही शंका रास्त आहे. तापमान २० अंशांनी वाढले, तर ६४८ मिलिमीटर ॲल्युमिनियम सुमारे ०.३ मिलिमीटरने लांबते आणि तितकीच पोलादी तार जवळपास त्याच्या निम्म्याने. नटपासून ब्रिजपर्यंत अखंड धातू असेल, तर हा फरक तारांना ताणतो, सूर चढतो आणि सगळ्या तारांचा सारखा चढत नाही. नेक फक्त सांध्यापर्यंत असेल आणि पुढे लाकडी बॉडी असेल तर परिणाम कमी होतो. आपल्या हवेसाठी मला तीच रचना बरी वाटते. एसीच्या खोलीतून गिटार बाहेर आणल्यावर ती अर्धा तास मंडपातल्या हवेत ठेवून मगच सुरात लावावी. बंद गाडीत उन्हात मात्र कधीच ठेवू नये.

आवाजाचे म्हणाल, तर ताठ नेकमध्ये तारेची ऊर्जा कमी मुरते, त्यामुळे सूर टिकतो आणि सुरुवातीचा टणका स्पष्ट येतो. पण पिकअप (तारेची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि अँप्लिफायर बदलल्याने जो फरक पडतो, तो याहून मोठा असतो. निव्वळ आवाजासाठी एवढा खर्च करू नये.

प्रश्न : धातूच्या नेकमुळे शॉक बसण्याचा धोका आहे का? नेकला रंग देण्यासाठी ॲनोडायझिंग (विजेच्या साह्याने ऑक्साईडचा थर चढवणे) करावे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : नेकमध्ये स्वतःची वीज नसते, धोका असतो तो अर्थिंग नसलेल्या अँप्लिफायरचा आणि मंडपातल्या उघड्या जोडांचा. लाकडी गिटारमध्येही तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, पण इथे पूर्ण तळहात धातूवर असतो, म्हणून काळजी दुप्पट हवी. गणपतीच्या किंवा लग्नाच्या मंडपात वाजवताना अँप्लिफायर आणि माईक एकाच बोर्डावर घ्यावेत, तीन पिनांची प्लग वापरावी आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करावी.

ॲनोडायझिंगमुळे पृष्ठभाग कठीण होतो आणि घामाचे डाग पडत नाहीत, पण तो थर वीज वाहू देत नाही. ग्राउंडची तार नेकला जोडायची, ती सांध्याच्या आतल्या बाजूला थर खरवडून उघड्या केलेल्या धातूवर स्क्रूने आवळावी. त्यानंतर मल्टिमीटरचे एक टोक त्या स्क्रूवर आणि दुसरे ब्रिजवर टेकवून रीडिंग जवळपास शून्य ओहम येते का, ते पाहावे.