थकलेले भाडे भरा, पण नव्या करारावर सही करू नका

प्रश्न : पंचवटीत रामकुंडाजवळ आमचे पूजासाहित्याचे दुकान आहे. जागा सासऱ्यांच्या काळापासून भाड्याने. करार नाही, पावत्या आहेत. कोरोनात दुकान दोनदा बंद पडले, 14 महिन्यांचे भाडे थकले. घटस्थापनेला दुकान उघडले तर मालकांची नोटीस आली : थकबाकी भरा, शिवाय सहा महिन्यांहून जास्त काळ जागा बंद ठेवलीत म्हणून ताबा द्या. तोंडी म्हणतात, अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करा, थकबाकी सोडून देतो. नाहीतर कुलूप ठोकतो. काय करावे?

उत्तर : ताई, त्या करारावर सही करू नका. 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे ठराविक मुदतीपुरती जागा वापरण्याची नुसती परवानगी, भाडेकरूपण नव्हे. आज तुम्ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 खालच्या भाडेकरू आहात. सही केलीत की जुने भाडेकरूपण स्वखुशीने सोडले, असे मालक म्हणू शकतील आणि मुदत संपली की जागा रिकामी करून मागतील. 14 महिन्यांच्या माफीसाठी सासऱ्यांच्या काळापासूनचा हक्क देऊन टाकणे फार महागात पडेल.

भाडे मात्र द्यावेच लागेल. लॉकडाऊनमुळे भाडे आपोआप माफ झाले, असे बाजारात बोलतात ते खरे नाही. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका भाडेकरूने हाच मुद्दा मांडला होता. मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. जागा ताब्यात ठेवली तर भाड्याची जबाबदारी राहते. तुमच्या बाजूने आहे ती मुदत. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 15 प्रमाणे थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावर ताब्याचा दावा लावता येत नाही. तेवढ्यात पूर्ण रक्कम बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवा. मालकांनी नाकारली तर नकाराचा शेरा असलेली मनीऑर्डर जपून ठेवा. पैसे जमलेच नाहीत आणि दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरून पुढचे भाडे नियमित भरत राहिलात तर या कारणावर ताबा देण्याचा हुकूमनामा होत नाही. पण व्याज आणि खर्च कशाला वाढवायचा? शक्यतो पहिल्याच मुदतीत भरा.

दुकान बंद ठेवल्याचा मुद्दा मला कच्चा वाटतो. कायद्याला 'वाजवी कारणाशिवाय' आणि दाव्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने वापर नसणे, असे दोन्ही लागते. तुमचे गिऱ्हाईक म्हणजे दर्शनाला आलेला यात्रेकरू. राज्यातली देवळेच सरकारी आदेशाने बंद होती. ती एकदा 16 नोव्हेंबर 2020 ला उघडली आणि पुन्हा 7 ऑक्टोबर 2021 ला. याहून वाजवी कारण ते कोणते? शिवाय दावा अजून लागलेला नाही आणि दुकान तर चालू आहे. वीजबिले, माल खरेदीच्या पावत्या, शॉप ॲक्टची नोंद एका फाइलला लावा आणि दुकान रोज उघडा, धंदा थोडा होवो की जास्त.

कुलूप लावण्याचा अधिकार मालकांना नाही. धमकीचा उल्लेख नोटिशीच्या लेखी उत्तरात करा, गरज पडल्यास दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम घ्या. खरेच कुलूप लावले तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. त्यात एक दिवसही उशीर चालत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नोटीस, तिचे पाकीट आणि असतील तेवढ्या जुन्या पावत्या सोबत न्या. नोटीस हातात पडल्याची तारीख पाकिटावर आजच लिहून ठेवा, 90 दिवस तिथून मोजायचे आहेत.