एक्सेलमध्ये बेरीज येते, पुढे काय शिकू? किती फॉर्म्युले पाठ करावेत?

तुम्ही म्हणता की बेरीज-वजाबाकी जमते, पण ऑफिसात दुसऱ्याने पाठवलेली शीट उघडली की काही सुधरत नाही. पाठांतराच्या फंदात पडू नका, पाच-सहा फॉर्म्युल्यांवर रोजचं काम निघतं. माणूस अडतो तो बहुतेक वेळा सेलमध्ये नेमकं काय भरलंय हे न कळल्यामुळे. दिसतं एक आणि आत असतं भलतंच.

तारखेचंच घ्या. ०१/०१/२०२४ अशी दिसणारी तारीख आत ४५२९२ हा आकडा असते, १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेला. म्हणून तर एका तारखेतून दुसरी वजा केली की दिवस मिळतात. आता समजा, कॉम्प्युटरची सेटिंग महिना आधी अशी आहे आणि तुम्ही दिवस आधी टाइप करताय. ०५/०४ लिहिलंत की ५ एप्रिलची गुपचूप ४ मे होते. १३/०४/२०२४ ला तर तेरावा महिनाच नाही, म्हणून ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. एकाच कॉलममध्ये काही तारखा चुकीच्या, काही तारखाच नाहीत. सॉर्ट केलं की खिचडी. ओळखायची खूण सोपी आहे: आकडे आणि तारखा आपोआप सेलच्या उजव्या कडेला जातात, मजकूर डावीकडे राहतो. (शीट सुबक दिसावी म्हणून सगळं मध्यभागी आणायची हौस अनेकांना असते. त्यात ही खूणच पुसली जाते.)

दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या आकड्यांचं हेच होतं. डावीकडे चिकटलेले आकडे सम (SUM, बेरजेचा फॉर्म्युला) मोजतच नाही, आणि एररही देत नाही. बेरीज फक्त कमी येते. तो कॉलम निवडा, डेटा टॅबमध्ये टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काही न बदलता थेट फिनिश दाबा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच आकडे ताळ्यावर येतात. खाते क्रमांकाचं मात्र उलटं. तो टाइप करण्याआधीच कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि पंधराव्या अंकानंतरचे सगळे अंक शून्य होतात. नंतर फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत.

मांडणीचे नियम थोडे आहेत, पण मोडू नका. एका ओळीत एकच नोंद, वर हेडिंगची एकच ओळ, मध्ये रिकामी ओळ नाही, डेटात मर्ज केलेला (दोन-तीन जोडून एक केलेला) सेल नाही. मर्ज असला की सॉर्ट अडतं. मग कंट्रोल आणि टी दाबून टेबल करून टाका. खाली नवी नोंद भरली की फॉर्म्युला आपोआप तिथवर जातो.

फॉर्म्युल्यांत सम, काउंटइफ (अटीत बसणाऱ्या नोंदी मोजतो), समइफ (अटीत बसणाऱ्यांचीच बेरीज करतो), इफ (अट पाहून उत्तर देतो) आणि व्हीलुकअप (यादीत नाव शोधून त्याच्यासमोरचा दर वगैरे आणतो) एवढं या क्रमाने शिका. पहिल्या चारांना फार वेळ लागत नाही. व्हीलुकअपपाशी थांबा, कारण तो चुकतो तेव्हा कळतही नाही. त्याला चार गोष्टी सांगायच्या: काय शोधायचं, कुठल्या रेंजमध्ये, त्या रेंजच्या कितव्या कॉलममधलं उत्तर हवंय, आणि शेवटी फॉल्स. हे फॉल्स राहिलं तर तो अंदाजे जुळणारं उत्तर आणतो. यादी सॉर्ट केलेली नसेल तर भलत्याच वस्तूचा दर येतो, तोही अगदी खरा वाटणारा. रेंज निवडल्यावर एफ-४ दाबून डॉलरची चिन्हं आणा. ती नसतील तर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही एकेक ओळ खाली सरकते आणि यादीतली वरची नावं सापडेनाशी होतात. नाव डोळ्यांना दिसतंय पण सापडत नाही, असं झालं तर शेवटी चिकटलेली स्पेस बघा. ट्रिम ती काढतो. तुमच्याकडे एक्सलुकअप (व्हीलुकअपचा नवा पर्याय) असेल तर तोच वापरा, तो न सांगताही तंतोतंत जुळणारंच शोधतो.

फिल्टर लावून सम केलंत तर लपलेल्या ओळीही मोजल्या जातात. फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी असेल तर सबटोटल घ्या, पहिला आकडा ९. पिव्हट टेबल (मोठ्या डेटाचा गोषवारा काढणारं टेबल) यानंतर शिका.

सराव स्वतःच्याच कामाच्या शीटवर करा, पण फाइलची कॉपी काढून. सॉर्ट करताना एकच कॉलम निवडला असेल तर एक्सेल विचारतं, तिथे एक्सपांड द सिलेक्शनच निवडा. दुसरा पर्याय घेतला तर नावं जागच्या जागी राहतात आणि रकमा इकडच्या तिकडे जातात. हे फाइल बंद करण्याआधी लक्षात आलं तरच कंट्रोल-झेड कामाचं.