टायर रस्त्यात फुटला, खरं मेला अंगणात

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. तीन वर्षांमागं आमच्या यजमानांनी बेळगावात, उद्यमबागेत, बोलेरोमागं ओढायचा दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला. रिकामा ६२० किलो भरतो. आत दोन बाकं आहेत, रात्री त्यांचाच पलंग होतो. डाव्या अंगाला ओटा, गॅस आणि १५० लिटरची पाण्याची टाकी. वर्षातून दोनदा यल्लम्माच्या डोंगराला, एखाद्या वेळी कोकणात. बाकी दिवस अंगणात उभा. यंदा चैत्रात डोंगराला जाताना तवंदीचा घाट उतरून संकेश्वरच्या अलीकडे भर दुपारी डावा टायर फुटला. यजमानांनी ब्रेक मारला आणि ट्रेलर सापासारखा वळवळला. उलटला नाही एवढंच. सासूबाई आणि दोन मुलं आत झोपली होती. आता घरात तीन मतं आहेत. यजमान म्हणतात, खिळा असणार. दीर म्हणतात, ब्रेक मारायचा नव्हता, ॲक्सिलरेटर दाबायचा होता. सासूबाई म्हणतात, निघताना चाकाखाली लिंबू ठेवलं नाही. टायरची नक्षी नव्यासारखी होती. सासूबाईंना हादरे बसू नयेत म्हणून हवा २४ पौंड ठेवली होती. टायरवर १५५/८० आर १३ आणि पुढं ७९ असं आहे, लंबगोलात १४१६ हा आकडाही आहे. कुणाचं खरं?
– एक वाचक भगिनी, निपाणी परिसर

उत्तर : ताई, आधी रागवून घेतो, मग टायरचं बोलतो. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचं नाही. आत ना पट्टा, ना ड्रायव्हरला हाक ऐकू जाते. बोलेरोत जागा होत नसेल तर सासूबाईंना एस्टीनं पाठवा. निपाणीच्या स्टँडवर दोन्ही राज्यांच्या गाड्या लागतात.

आता तुमचा खटला. लंबगोलातला १४१६ म्हणजे टायरची जन्मतारीख : २०१६ सालचा चौदावा आठवडा. म्हणजे ट्रेलर तयार झाला तेव्हाच टायर सात-आठ वर्षांचा होता. कुणीतरी गाडीचे जुने टायर स्वस्तात बसवून दिले आणि नक्षी बघून तुम्ही खूश झालात. कारचा टायर झिजून जातो. ट्रेलरचा झिजत नाही, तो वाळतो. वर्षातले अकरा महिने एकाच जागेवर, त्याच बाजूवर सगळं ओझं, वरून ऊन. रबर कडक होतं आणि कडेला केसासारख्या चिरा पडतात. उरलेल्या टायरची कड अंगठ्यानं दाबून वाकवून बघा, दिसतील. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असो, ट्रेलरचा टायर काढायचा, असं मी मानतो. तुमच्या यजमानांना ते उधळपट्टी वाटेल. माझी ना नाही, पैसे तुमचे.

पुढचा ७९ हा भाराचा आकडा. ७९ म्हणजे एका टायरला ४३७ किलो, दोघांना मिळून ८७४. तेही पूर्ण हवेवर. ट्रेलर ६२०, टाकीतलं पाणी १५०, भरलेला सिलिंडर धरा ३०. भांडी, तांदूळ, अंथरुणं, डोंगरावरच्या नैवेद्याचं सामान असं सगळं मिळून १२० तरी. झाले ९२०. यातला दहावा भाग गाडीच्या हुकावर जातो, म्हणजे चाकांवर सव्वाआठशे. इथपर्यंत कसंबसं जमत होतं. त्यात सासूबाई आणि मुलं, म्हणजे आणखी सव्वाशे-दीडशे. इथंच मर्यादा ओलांडली. आणि ओटा, गॅस, टाकी, सगळं डाव्या अंगाला! फुटला कुठला? डावाच. वर हवा २४ पौंड. कमी हवेत टायर दर फेऱ्याला जास्त चेपतो, कड सारखी वाकते, आतून तापते. घाटानंतर मोकळा रस्ता मिळाला म्हणून वेग वाढवला असणार, चैत्रातली दुपार, तापलेलं डांबर. मला खिळा शोधावा लागत नाही. हवा थंड टायरात, निघण्याआधी, टायरवर लिहिलेल्या हवेच्या आकड्याएवढी भरायची. मऊ बसायचं असेल तर जाड गादी घ्या, टायर मऊ करू नका.

आता ब्रेक. दीर निम्मे बरोबर आहेत. ट्रेलरचा टायर फुटला की ती बाजू ओढ घेते. त्या क्षणी गाडीचा ब्रेक दाबला की पुढची गाडी थांबायला बघते आणि मागचं हजार किलो तिला ढकलतं. ढकलतं तेही सरळ नाही, तिरकं. मी हे शिकलो खानापूर-लोंढा रस्त्यावर, वर्कशॉपची जीप आणि मागं कॉम्प्रेसरची ट्रॉली. फट्ट झालं, मी ब्रेकवर उभा राहिलो आणि आरशात बघतो तर ट्रॉली माझ्या शेजारनं पुढं यायला लागली होती. शेजारी बसलेले मेस्त्री ओरडले, "पाय काढ की रे!" पाय काढला तशी ती मागं गेली. त्या दिवशी मला गणिताशिवाय समजलं.

म्हणून, आवाज आला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं. वळवळ झाली तरी उलटं-सुलटं वळवत बसायचं नाही. ॲक्सिलरेटर एक श्वासभर आहे तिथंच ठेवायचा, म्हणजे गाडी पुढून ओढत राहते आणि ट्रेलर सरळ होतो. मग पाय हळूहळू उचलायचा. दीर म्हणतात तसा दाबायचा नाही, वेग वाढवून पळायचं कुठं? वेग आपसूक पडू द्या, शेवटी ब्रेक बोटानं लावल्यासारखा. रिम खराब झाली तर होऊ दे, जागा सपाट आणि रस्त्यापासून लांब मिळेपर्यंत सावकाश चला. पुलावर किंवा वळणावर थांबू नका.

थांबल्यावर पहिलं काम जॅक नाही, गॅस. फुटलेल्या टायरचे पट्टे चाकाबरोबर चाबकासारखे फिरतात. मडगार्ड फाडतात, दिव्याच्या वायरी तोडतात आणि तुमच्या ट्रेलरमध्ये तर डावीकडंच गॅसची नळी. सिलिंडरची चावी बंद करून मगच खाली वाका. धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण निदान शंभर पावलं मागं ठेवा, मुलांना रस्त्यापासून दूर उभं करा. हायवेवर १०३३ ला फोन करता येतो, कुणाला लागलं असेल तर ११२.

ट्रेलर गाडीपासून सोडायचा नाही, ही चूक अनेक जण करतात. गाडी जोडलेली, हँडब्रेक ओढलेला, उजव्या चाकाला पुढून-मागून दगडाची उटी. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, नंतर जॅक. आपल्याकडं रस्त्याची कड काळ्या मातीची, जॅक सरळ आत जातो, म्हणून खाली जाड फळी पाहिजे. तुमच्या ट्रेलरला पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, असतील तर जॅक चाकाजवळ, पाटा आवळलेल्या जागी लावा. पत्र्याखाली लावलात तर पत्रा वाकेल आणि ट्रेलर जागेवरच बसेल. पाना मात्र घरी एकदा लावून बघा. बोलेरोचा पाना ट्रेलरच्या नटाला बसतोच असं नाही, आणि हे लोकांना रस्त्यावर कळतं. नट समोरासमोरचे आवळायचे, पन्नासेक किलोमीटरवर थांबून परत एकदा.

स्टेपनी चढवली म्हणून तसंच डोंगराला जाऊ नका. उजवा टायरही त्याच वयाचा असणार, आणि डावा फुटल्यावर काही क्षण सगळा भार त्यानं घेतलाय. पाणी ओतून द्या, सावकाश जवळच्या गावापर्यंत जा. तिकडचा पंक्चरवाला कन्नड बोलणारा असला तर "गाळी नोडरी" म्हणा, म्हणजे हवा बघा. बाकी तो मराठी आपल्यापेक्षा चांगली बोलतो.

घरी परतल्यावर दोन्ही टायर आणि स्टेपनी नवी घ्या, भाराचा आकडा ७९ पेक्षा वरचा, रिमला बसेल असा. टाकी मधोमध, आसाच्या वर आणता आली तर उत्तम. आणि एकदा प्रवासाला निघतो तसा भरून, पाण्यासकट, वजनकाट्यावर चढवा. उभा असताना विटांवर टेकवून ठेवा, टायरवर गोणपाट टाका. लिंबू ठेवायला माझी हरकत नाही. ते ठेवायला वाकाल तेव्हा कडेच्या चिरा दिसतील.

प्रश्न : ट्रेलरच्या टायरात नायट्रोजन भरावा का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध भरला तर थोडा सावकाश कमी होतो, बस्स. वाटेत कमी वाटली तर साधी हवा मिसळायला काही अडत नाही. नायट्रोजन मिळत नाही म्हणून कमी हवेवर चालवणारे मी पाहिलेत, त्यांच्यासाठी हे छापतोय.