तो आवडलाय की त्याचं रँच?

सुट्टीत जुळलेलं प्रेम घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. प्रश्न थोड्याफार फरकानं एकच असतो: "तिथे सगळं खरं वाटत होतं, घरी परतल्यावर शंका यायला लागली. हे प्रेम आहे की त्या जागेची जादू?" त्यातलीच ही एक गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि जिची गोष्ट आहे तिनं हसत हसत परवानगी दिली आहे.

ती सिएटलला सॉफ्टवेअरमध्ये. मनातलं मराठीतच नीट बोलता येतं म्हणून ऑनलाइन माझ्याकडे आली. उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यातल्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावर, आठवडाभर राहून आली होती. तिथली काही रँच पाहुणे ठेवतात, त्यांना घोड्यावर बसवतात, गुरांमागे फिरवतात. पहिल्याच सकाळी बाईसाहेब उजव्या बाजूनं चढायला गेल्या. घोड्यावर डावीकडून चढायची रीत, त्या घोडीलाही तीच सवय. ती बाजूला सरकली आणि हिचा एक पाय रिकिबीत, दुसरा हवेत. लगाम धरायला धावला तो रँचवाल्यांचा मुलगा. म्हणाला, "हिचं दार डावीकडे आहे." झालं!

सेशनला ती चक्क एक्सेल शीट घेऊन आली होती. जमेच्या बाजू, तोट्याच्या बाजू. 'कमी बोलतो' हे दोन्ही रकान्यांत होतं.

तिची शंका खुळचट नव्हती. 1974 मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर एरॉन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात, व्हँकूवरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल दरीपासून सुमारे 70 मीटर उंच, चालताना हलणारा. तिथे एक तरुणी पुरुषांना थांबवून छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि स्वतःचा फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच भक्कम, कमी उंचीच्या पुलावर 16 पैकी फक्त दोघांनी. भीतीनं छाती धडधडते आणि समोर कुणी छान दिसलं की धडधडीचं श्रेय त्या माणसाला जातं, असा त्यांचा निष्कर्ष. घोडीवरून पडता पडता वाचलेल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

ती लगेच म्हणाली, "म्हणजे खोटंच ना?" तसं नाही. ठिणगी कशी पडली एवढंच तो प्रयोग सांगतो. पुढे काय टिकेल याबद्दल त्यात काही नाही, आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात. धडधडीतून सुरू झालेली कितीतरी लग्नं छान चालतात. शांत डोक्यानं, पत्रिका-पगार बघून केलेली मोडतातही.

मी तिला शीट बंद करायला सांगितलं. विचार करून हे सुटणार नव्हतं, बघूनच सुटलं असतं. "पाहुण्यांचा हंगाम नसताना जाऊन ये. आणि त्यालाही तुझ्याकडे बोलाव. तो त्याच्या जागेबाहेर कसा आहे, तेही कळू दे."

ती मार्चमध्ये गेली. मोंटानात साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा गाई विण्याचा काळ. रात्री दर दोन-तीन तासांनी कुणीतरी उठून गोठा बघायचा, पहिलारू गाईंकडे तर जास्तच लक्ष. बाहेर बर्फ, आत शेण आणि चिखल. एका रात्री जन्मलेलं वासरू श्वासच घेईना. त्यानं गवताची काडी त्याच्या नाकपुडीत फिरवली, वासरू शिंकलं, श्वास सुरू झाला. मग पुढची धावपळ: पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला पाहिजे, कारण वासराला रोगांशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. हिनं मध्येच काहीतरी विचारलं आणि तो खेकसला.

मला याच ठिकाणी थांबायचं होतं. "खेकसल्यावर काय झालं?" ती म्हणाली, वासरू प्यायला लागल्यावर तो बादली उलटी करून हिच्या शेजारी बसला. म्हणाला, "मघाशी तुझ्यावर ओरडलो. चुकलंच." नंतर दोघं तिथेच बसल्या बसल्या पेंगले. दमलेला, चिडलेला माणूस स्वतःहून परत येतो का, हे सूर्यास्ताच्या घोडेस्वारीत दिसत नाही. माझ्या लेखी त्या एका वाक्याचं वजन तिच्या अख्ख्या शीटपेक्षा जास्त होतं.

मे महिन्यात तो सिएटलला आला. पहाटे साडेचारला जाग, आणि करायला काही नाही. दोन दिवसांत त्यानं स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या सगळ्या बिजागऱ्या घट्ट केल्या, गळका नळ बदलला, शेजारणीचं दारही दुरुस्त करून दिलं. तिसऱ्या दिवशी बिचारा म्हणाला, "आता काही मोडकं उरलं नाही." तिच्या मित्रमंडळींत मात्र मजेत रमला. कमी बोलतो, पण ऐकतो नीट, हे तिला तिथे कळलं.

त्यानंतर तिचे प्रश्न बदलले. नोकरी घरून करता येईल का, रँचवर इंटरनेट पुरेल का, सासू-सासरे शंभर पावलांवर राहणार त्याचं काय, आणि वर्षातून एकदा तरी तो सुट्टी घेऊ शकेल का. हे सगळे किचकट प्रश्न आहेत आणि काहींवर अजून वाद चालू आहे. तरी मला बरं वाटलं. 'खरं की खोटं' याला उत्तर नसतं, 'सुट्टी कधी' याला असतं.

सध्या लग्नाची तारीख ठरतेय. फेब्रुवारी ते एप्रिल गाई विणार. मे-जूनमध्ये वासरांना डाग द्यायचे आणि गुरं वरच्या कुरणांत न्यायची. जुलै-ऑगस्ट चारा कापणी, शिवाय पाहुणे. ऑक्टोबरमध्ये वासरं विक्रीला. तिनं शीट पुन्हा उघडली आहे आणि सप्टेंबरच्या रकान्यावर पिवळा रंग भरला आहे.